पंजाबरावांच्या पाच हातांची जाळी

जुनी आहे मी, मित्रांनो, पण मला कोणी टाकाऊ म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या अंगावर साडेआठशे गाठी आहेत आणि एकही गाठ अजून आपणहून सुटलेली नाही. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षर मला येत नाही. पण जे पाहिलं ते डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि असं पाहिलं की शिकलेल्यांनीही खाली बसून ऐकावं. तेव्हा बसा.

माझी जात अंबाडीची. ढाणकीहून पैनगंगेकडं उतरताना पंजाबरावांचं शेत लागतं. कपाशीच्या कडेनं त्यांच्याकडं अंबाडीची एक ओळ असायचीच. पाल्याची भाजी व्हायची आणि उंच काड्यांचा वाख निघायचा. वाख म्हणजे सालीचा धागा. त्या काड्या नाल्याच्या पाण्यात पंधरा दिवस सडत घातल्या, तेव्हा असा वास सुटला की पंजाबरावांच्या बायकोनं, कांताबाईंनी, नाकाला पदर लावला.

"नाल्यात काय मेलं जी हे?"

"मेलं नाही, जनमून राह्यलं," पंजाबराव म्हणाले.

साल धुतली, वाळवली, की पांढरा चकचकीत वाख हाती आला. पंजाबरावांनी तो मांडीवर वळून दोरी केली आणि दोरीची जाळी विणली. माझं पहिलं काम कुटार धरायचं. सोयाबीनची मळणी झाली की भुसा, म्हणजे कुटार, बैलगाडीत भरायचं आणि वरून मला ताणून बांधायचं. पाच वर्षं मी ते काम केलं. गाडी कितीही हिंदकळली तरी मी ओंजळभर कुटार सांडू दिलं नाही. "पंजाबरावची जाळी मागून आन," असं लोक म्हणायचे. मागून नेणाऱ्यांनी मला कधी झटकून परत दिलं नाही, ते सोडा.

मग सुरभी नववीत गेली.

सुरभी ही पंजाबरावांची एकुलती एक मुलगी. उंची बापाची. शाळेच्या फोटोत तिला मागच्या ओळीत उभं करायचे, तरी तिचं डोकं कापलं जायचं. ढाणकीच्या शाळेत कपिल सर खेळ शिकवायचे. त्यांनी एक दिवस मुलींना सांगितलं की व्हॉलीबॉलचा एक प्रकार रेतीवर खेळतात. एका बाजूला फक्त दोघी आणि पाय अनवाणी. मुली हसल्या. इथं समुद्र कुठं? सर म्हणाले, समुद्र नसेना का, पैनगंगेत रेती तर आहे.

त्या संध्याकाळी सुरभी अंगणात येऊन उभी राहिली.

"बाबा, मले जाळी पायजे."

"मासे धरतं काय आता?"

"नाही जी. हॉलीबॉल. रेतीतला."

कांताबाई भाकरी थापत होत्या. त्या आतूनच बोलल्या, "रेतीत गाढव लोळते, माय. आता पोट्ट्याही लोळतीन."

"दोघींचा खेळ आहे, आई. मी अन् उज्ज्वला."

"दोघीच कायले? बाकीच्या रुसल्या का?"

उज्ज्वला शेजारच्या गल्लीतली. बुटकी, चपळ आणि तोंडानं सुरभीपेक्षा दहापट जोरात. ती दारातूनच म्हणाली, "मावशी, बाकीच्याइले रेती चावते."

पंजाबराव हसले आणि मला गाडीवरून उतरवलं. दोन दिवस बसून त्यांनी मला उसवलं, लांब केलं, चार हात रुंदीची होते ती दोन हातांवर आणलं, वर-खाली जाड दोर ओवला. कुटाराची जाळी होते, खेळाची जाळी झाले. खरं सांगते, मला राग आला होता. मानाचं काम सोडून पोरींचा चेंडू अडवायचा?

नदीत सागाचे दोन खांब गाडले. आता मला किती उंच बांधायचं? पंजाबरावांनी सरांना फोन लावला. सर तालुक्याला बैठकीत होते. घाईघाईत म्हणाले, "पाच हात धरा, पंजाबराव भाऊ, अंदाजे पाच हात."

इथं जे घडलं ते नीट ऐका.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आमच्याकडं दोर ज्याचा, माप त्याच्या हाताचं. बैलाचं दावं असो की विहिरीचा दोर, ज्याला वापरायचा त्यानं मोजायचा. दोर पंजाबरावांचा होता, म्हणून पंजाबरावांनी आपल्या हातानं मोजला. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि पंजाबरावांचा हात कसा होता? बाजारात त्या माणसाच्या मापाची चप्पल मिळत नव्हती. त्यांचे पाच हात इतरांच्या साडेपाचांना भारी. कोणाला काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही. मी उंच बांधली गेले होते, आणि उंच बसवलेल्याला आपण चुकीच्या जागी आहोत असं कधी वाटत नाही.

सर नंतर दोनदा येऊन गेले. पण नदीची रेती वाऱ्यानं रोज सरकते, आज इकडं ढीग, उद्या तिकडं खड्डा. त्यांनी डोळ्यानंच अंदाज घेतला आणि मान हलवली.

आता त्या पोरीबद्दल सांगते. पहिल्या उन्हाळ्यात सुरभीनं उडी मारली की मला तिची नुसती बोटं दिसायची. चेंडू माझ्या पोटात आदळायचा आणि खाली पडायचा. दिवसाला शंभर वेळा आदळायचा. मी म्हणायचे, थकेल. रेतीत उडी मारणं सोपं नाही, मित्रांनो. जमीन पायाला वर ढकलते, रेती पायाला खाली ओढते. पण ही बाई थकत नव्हती. सकाळी शाळेआधी यायची आणि शाळा सुटली की परत यायची. कापसाच्या दिवसांत दिवसभर वेचणी करून, कमरेला ओटी तशीच बांधलेली, ती येऊन उड्या मारायची. नदीला पाणी आलं की खेळ बंद. मग अंगणात उडी मारून आंब्याच्या फांदीला हात लावत राहायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा तळवा माझ्या वर आला. तिसऱ्यात मनगट. आणि चौथ्या वर्षी, माघाच्या थंडीत, एका सकाळी उज्ज्वलानं चेंडू वर उचलून दिला, सुरभी पाच पावलं धावली आणि अशी उठली की मला वाटलं आता ही खाली येतच नाही. तिचा अर्धा हात माझ्या दोराच्या वर होता. चेंडू फटकन गेला. मी वाऱ्याशिवाय हलले. मी तोवर गाडीवर हलले, आंधीत हलले, पण माणूस जवळून गेला म्हणून कधी हलले नव्हते. माझा राग त्या दिवशी संपला.

तिची बारावी चालू होती. एकोणीस वर्षांखालच्या राज्याच्या संघात जाण्याची ती शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. आधी अमरावतीला एक स्पर्धा होती आणि दोन महिन्यांनी नागपूरला निवड. अमरावतीला पोरी नाचत गेल्या.

परत आल्या तेव्हा सुरभी सरळ नदीवर आली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. पहिल्याच सामन्यात हरल्या होत्या. एकवीस-नऊ, एकवीस-अकरा. सुरभीचा मारलेला प्रत्येक चेंडू मागच्या रेषेच्या बाहेर जात होता.

"तिथली जाळी बुटकी होती व," उज्ज्वला म्हणाली. "ही मारे, अन् चेंडू जाऊन चहावाल्याच्या बंडीले लागे. थो चहावाला म्हने, ताई, माया काय गुन्हा?"

सुरभी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी कपिल सर मोटारसायकलवर टेप घेऊन आले. माझ्या वरच्या दोरापासून रेतीपर्यंत टेप सोडला. वाकून पाहिलं. परत मोजलं.

"दोन मीटर त्रेचाळीस," सर म्हणाले. "पंजाबराव भाऊ, हे पुरुषांचं माप आहे. मुलींचं दोन चोवीस."

वीतभराचा फरक. चार वर्षं ती पोरगी वीतभर जास्त उंच मारत होती, आणि तिच्या हाताला तीच सवय लागली होती.

पंजाबराव खांबाला टेकले. "सर, तुमीच म्हनले ना पाच हात."

"म्हणालो. पण कोणाचे ते मी सांगितलं नाही."

"अन् म्या इचारलं नाही." त्यांनी आपला उजवा हात असा पाहिला जसा तो दुसऱ्याचा आहे. "माया हातानं पोरीचा घात केला."

माझ्या साडेआठशे गाठी एकदम आवळल्या गेल्या. घात मीही केला होता. चार वर्षं मिरवत होते ना उंचावर!

तोवर कांताबाई पदर खोचून पुढं आल्या. "मले इचारलं असतं तं! तुमचा हात का हात आहे? पाळण्याचा दांडा आहे थो. सरका तिकडं." त्यांनी दोर घेतला आणि आपल्या हातानं मोजला. एक, दोन, तीन, चार, पाच. गाठ मारली, मला सोडलं आणि त्या गाठीवर बांधलं. "लावा सर आता टेप."

सरांनी टेप लावला. मग टेपकडं पाहिलं, मग कांताबाईंच्या हाताकडं पाहिलं.

"दोन चोवीस," ते म्हणाले. "एक दोरा इकडं-तिकडं नाही."

"मंग?" कांताबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या माउलीनं मला आपलं माप ऐकवायचं सोडलं नाही. आणि तिथंच माझ्याकडं बोट करून सांगितलं, "हे पाह्य, जाळी. दोन महिन्यानं नागपूरले पोरीचं नाव नाही लागलं, तं तुले चुलीत घालीन. अन् तुया मालकाले घराबाहीर."

मला खाली उतरवलं होतं, वर चुलीची धमकी. पण त्या बाईला मी काय बोलणार? खरं बोलत होती.

आता दोन महिन्यांत चार वर्षांची सवय मोडायची होती. सर म्हणाले, "उडी हिची सोन्याची आहे. उडी तेवढीच ठेव, पण हात खाली वळव." पण सांगून हात वळत नाही. सुरभी मारायची, चेंडू लांब. परत मारायची, परत लांब. पंजाबराव काठावर बसायचे, पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवायचे नाहीत.

चौथ्या दिवशी ते उठले, घरी गेले आणि कापसाची टोपली घेऊन आले. माझ्या पलीकडं तीन पावलांवर त्यांनी ती रेतीत अर्धी पुरली.

"सुरभे, लांबचं सोड. ह्या टोपलीत टाक."

"बाबा, इतकं जवळ चेंडू पडते का?"

"तू इतकी वर जातं. वरून मानसाले टोपली दिसते. खालच्याले दिसत नाही."

पहिल्या दिवशी दोनशेत एकही पडला नाही. उज्ज्वला चेंडू उचलून देऊन देऊन वैतागली. "आज एक तरी पाड व, नाहीतं उद्याचा कापूस तू एकटी वेच." तिसऱ्या दिवशी एक पडला. टोपलीच्या कडेला लागून, पण पडला. पंजाबराव पळत गेले आणि तो चेंडू टोपलीतून असा काढला जसं अंड्यावरून कोंबडी उठवतात. दीड महिन्यानं विसात बारा पडायला लागले. चेंडू माझ्या दोरावरून असा घसरत यायचा की दोर गरम व्हायचा. टोपलीच्या तीन काड्या मोडल्या. दुसरी आणली. तीही मोडली.

नागपूरला कांताबाई गेल्या. पंजाबराव गेले नाहीत. "माया हात तिकडं नको," म्हणाले. निवडीच्या दुपारी ते माझ्या खाली रेतीत बसले आणि मोबाइलचा आवाज मोठा करून मांडीवर ठेवला. तो सामना जिंकला की दोघींची नावं पक्की, हरला की गावचा रस्ता. मी वर ताणलेली आणि ते खाली बसलेले, दोघांचेही कान त्या डबीला लागलेले.

"हॅलो! आयकू येते का?"

"येते. सांग."

"काय सांगू! समोरच्या दोघी घोड्यासारख्या उंच. डोयाले काळे चष्मे. अमरावतीले आपल्याले हरवलं त्याच आहेत."

"गुण किती?"

"गुण लिव्हले तिथं एक बाई उभी आहे. ओ बाई! बसा ना जी खाली! नवरा फोनवर आहे माया! हां. पह्यला डाव आपला."

पंजाबरावांनी मूठभर रेती उचलली आणि हळूहळू सोडली.

"दुसरा गेला," थोड्या वेळानं फोन बोलला. "उज्ज्वला पडली तोंडावर. उठली. रेती थुकून राह्यली, पन दात सगळे आहेत."

"आता?"

"आता तिसरा, पंधरा गुणावाला. जीव जाते माया, तुमी बोलत राह्य."

पंजाबरावांनी फोन मांडीवरून हातात घेतला. फोनमधून गलका येत होता. नऊ-नऊ. अकरा-अकरा. तेरा-तेरा. मग कांताबाई ओरडल्या, "चवदा! आपले चवदा! जी, त्या दोघी मागं मागं सरकून राह्यल्या. त्याइले वाटते आपली पोट्टी लांब मारते. अमरावतीचं ध्यानात आहे त्याइच्या!"

पंजाबराव उठून उभे राहिले. त्यांचा तो लांब हात वर आला आणि माझा वरचा दोर त्यांनी मुठीत धरला.

"उज्ज्वलानं उचलला," फोन म्हणाला. "सुरभी पयते... उडाली... माय व..."

मग काहीच नाही. नुसता कल्ला.

"कांता! कांता, काय झालं?"

"टोपलीतच पडला जी!" कांताबाई रडत होत्या. "टोपली नव्हती तिथं, पन टोपलीतच पडला! त्या दोघी मागं उभ्याच राह्यल्या! तुमी काहून बोलून नाही राह्यले? ओ! हाय का फोनवर?"

पंजाबराव फोनवर होते. पण त्यांचं तोंड माझ्या दोरात होतं, आणि माझ्या त्या जागच्या चार गाठी ओल्या झाल्या. मित्रांनो, मी अंबाडीची आहे. ओल काय असते ते मला ठाऊक आहे. पण तसली ओल मी पुन्हा कधी प्यायले नाही.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्याच वर्षी देशाच्या स्पर्धेला दोघी पुरीच्या किनाऱ्यावर गेल्या आणि सोनं घेऊन आल्या. उज्ज्वलाला गावानं विचारलं, "समुद्र कसा आहे व?" ती म्हणाली, "खेळतानी पाठ होती त्याच्याकडं. पन मागून लय बडबड करते." मग मोठ्या गटात चार वेळा देशाचं अजिंक्यपद. मग पाठीवर देशाचं नाव असलेला निळा सदरा. परदेशात गेल्या, तिथं हरल्याही. तिथल्या पोरींनी सुरभीला विचारलं म्हणे, तू इतकी उंच उठतेस, शिकवलं कोणी? तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलेलंही नाही. मला मान आहे.

पण तिचं मोठेपण मी पदकात पाहिलं नाही. एका वर्षी तिचा घोटा मोडला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उडी नाही. ती घरी आली आणि रोज नदीत माझ्या खालून चालायची. नुसती चालायची. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोणी टाळी वाजवत नव्हतं, कोणी फोटो काढत नव्हतं. रेतीत पाय रुतायचा, तोंड पिळवटायचं, पाय निघायचा. आठ महिने. मग एक दिवस तिनं फक्त टाचा उचलल्या. मी वरून पाहत होते आणि मला कळलं, चौथ्या वर्षीची ती मोठी उडी सोपी होती. ही अवघड.

ती परत गेली, परत जिंकली. आणि मी?

मला विसरले. त्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही, पण सांगणार जरूर. एका आषाढात मला खांबांवरून सोडायचं राहून गेलं. पुरानं मला दोन शेतं खाली बाभळीत नेऊन अडकवलं. कोणीतरी काढून पंजाबरावांच्या गोठ्यात टाकलं, तशीच ओली, तशीच गोळा करून. दोन पावसाळे मी तिथं होते. उंदरांनी एका बाजूनं कुरतडलं. आतून काळी पडले.

गेल्या दिवाळीत गावात सुरभीचा सत्कार झाला. सरपंच भीमराज भाऊंच्या डोक्यात आलं की ती पहिली जाळी ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत लावावी, खाली नाव लिहावं. मला शोधून आणलं, हार घातला. मी फुगले, खोटं कशाला बोलू? काचेची पेटी! नाव! माझ्या अंबाडीच्या सात पिढ्यांत कोणाला मिळालं?

सुरभी पुढं आली. तिनं हार बाजूला केला, मला हातात घेतलं आणि एक गाठ दोन बोटांत दाबली. बोटं काळी झाली.

"सरपंच साहेब, हे ओली आहे."

"मंग काय झालं? काचेत राहीन."

"काचेत ओली ठेवली तं सडून जाईन. वर्षभरात पेटीत भुसा राहीन."

सत्कार तिथंच राहिला. देशाची अजिंक्य खेळाडू मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेली आणि टिनाच्या छपरावर पसरली. तीन दिवस उन्हात. रोज उलटायची. चौथ्या दिवशी पंजाबराव चष्मा लावून बसले आणि तुटलेल्या गाठी बांधायला लागले. आता आमच्याकडं अंबाडी कोणी लावत नाही, म्हणून बाजारातली निळी नायलॉनची दोरी आणली. माझ्या पिवळ्या अंगावर निळी ठिगळं. कांताबाई म्हणाल्या, "म्हातारीनं लिपस्टिक लावली." म्हणोत. दोर घट्ट आहे.

आज मी पुन्हा नदीत आहे. अकरा मुली येतात. त्यातल्या सात जणींची बोटंसुद्धा माझ्यापर्यंत पोचत नाहीत. चेंडू माझ्या पोटात आदळतो. दिवसाला शंभर वेळा. पहिल्यासारखा राग येत नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं करा. जाळी असो, चेंडू असो, बापानं हातानं केलेली कुठलीही वस्तू असो, तिला हार घालू नका. खेळून झालं की सोडा, झटका, उन्हात टाका, मग घडी घाला. ओली गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. आणि सकाळी परत बांधा. उद्या यांच्यातली कोण उठेल, मला ठाऊक नाही. ती उठेल तेव्हा मी ताणलेली असले पाहिजे.